सही केली तेव्हा पाच तारे, पुढे काय? : कॉलेज फुटबॉलच्या जुन्या बॅचेस

कोलंबसकर

परवा गराज आवरायला काढलं. तळाच्या खोक्यात फेब्रुवारी २०१३ मधलं स्थानिक पेपरचं एक पान निघालं. इथल्या ओहायो स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाने त्या वर्षी घेतलेल्या पोरांची यादी : नाव, गाव, उंची, वजन, आणि शेवटच्या रकान्यात तारे. मी तेव्हा इथे नुकताच शिकायला आलो होतो. हा खेळ म्हणजे पाच सेकंद कुस्ती आणि चाळीस सेकंद बैठक, एवढंच माझं ज्ञान. रूममेट मात्र अस्सल ओहायोचा. त्याने हे पान फ्रिजवर चिकटवलं होतं आणि नावांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. दोन रेघा म्हणजे 'हमखास', एक रेघ म्हणजे 'बघू'.

नवख्यांसाठी थोडक्यात. (हाताने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. त्याला फुटबॉल का म्हणतात यावर कृपया दुसरा धागा काढा.) शाळेच्या शेवटच्या वर्षातली सतरा-अठरा वर्षांची पोरं कुठल्या कॉलेजकडून खेळणार ते सही करून ठरवतात. पूर्वी त्याचा मुहूर्त फेब्रुवारीचा पहिला बुधवार. २०१७ पासून डिसेंबरातही सह्या होतात, आणि आता बहुतेकांचं तेव्हाच उरकतं. रायव्हल्स, २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन ही मंडळी पोरांना तारे वाटतात आणि त्यावरून कॉलेजांचे नंबर लावतात. पहिला नंबर आला की गावात असा जल्लोष, जणू कप जिंकला. सामना एकही झालेला नसतो.

तर खोकी तशीच टाकून मी पान घेऊन बसलो.

रूममेटच्या दोन रेघा तिघांना. एक वॉन बेल, जॉर्जियाचा, पाच तारे, त्याच्या मागे अलाबामाही होतं. त्याने नाव राखलं. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवी पोरं निवडतात ते) दुसऱ्या फेरीत निवडला गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये सिनसिनाटीकडून ओव्हरटाइममध्ये त्याने समोरच्या संघाच्या पॅट्रिक माहोम्सचा पास मध्येच पकडला तेव्हा अख्खं ओहायो नाचलं. दुसरा डॉन्ट्रे विल्सन. टेक्सासचा, विजेसारखा पळणारा. आधी ओरेगनला शब्द दिलेला, पण जानेवारी २०१३ मध्ये तिथले कोच चिप केली एनएफएलमध्ये गेले आणि हा आमच्याकडे वळला. २०१४ च्या हंगामात पायाचं हाड मोडलं, मग ती जादू परत दिसली नाही. ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही. तिसरा माइक मिचेल. तो वर्षभरातच टेक्सास टेकला निघून गेला.

आता एक रेघ : जोई बोसा. रेघच नाही : इझिकिएल एलियट!

१२ जानेवारी २०१५ च्या रात्री ओरेगनविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्या बिनरेघवाल्याने २४६ यार्ड आणि ४ टचडाउन काढले. आम्ही ४२-२० जिंकलो. हाय स्ट्रीटवर मीही बोंबलत फिरलो, उणे तापमानात. पुढे या एका यादीतले सहाजण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. २०१६ मध्ये बोसा, एलियट, एली ॲपल आणि डॅरन ली, २०१७ मध्ये गॅरियन कॉन्ली, २०१८ मध्ये बिली प्राइस. प्राइस आला होता बचावफळीत खेळायला. त्याला उचलून आक्रमणाच्या फळीत घातला, आणि शेवटच्या वर्षी देशातला सर्वोत्तम सेंटर (फळीतला मधला) ठरला. रूममेटच्या काय, कुणाच्याच पेन्सिलीत हे नव्हतं.

माझं घोडं अडलंय ते एका नावाशी. जे. टी. बॅरेट, क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा), विचिटा फॉल्स, टेक्सास. शाळेतल्या शेवटच्या हंगामात गुडघा फाटलेला, तरी घेतला. २०१४ मध्ये पहिला क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून याला उभा केला आणि याने संघ अंतिम टप्प्यापर्यंत ओढत आणला. मिशिगनविरुद्ध घोटा मोडला, मग तिसऱ्या नंबरच्या कार्डेल जोन्सने शेवटचे तीन सामने मारले आणि कप त्याच्या नावावर चढला. बॅरेट नंतर आणखी तीन हंगाम खेळला, कप्तान होता, कॉलेजचे विक्रम मोडले. एनएफएलने त्याला सातही फेऱ्यांत विचारलं नाही. पुढे डेट्रॉइट लायन्सकडे कोचिंगमध्ये गेला.

मी आता रूममेटच्या खुणांशेजारी माझ्या खुणा करतोय. पार पडला तर टिक, नाही तर फुली. बॅरेटपुढे काय करू?


उगाचच

वाचतोय. आपल्या दहावीच्या मेरिट लिस्टसारखं आहे की हे. पेढे भरवतानाचा फोटो, आणि पुढे तो मुलगा कुठे गेला कुणालाच माहीत नाही.


कोलंबसकर

@उगाचच, थोडं उलटं. मेरिटवाल्याने पेपर लिहिलेला असायचा हो. इथे पेपर व्हायच्या आधीच निकाल, तोही बराचसा दंड, छाती आणि चाळीस यार्डांची धाव बघून.


डेटाभट

कोलंबसकर, धागा झकास, पण तुमची चौकटच मला पटत नाही. टिक-फुली एकेका पोरापुढे करताय, बॅचपुढे नाही. बॅचचा हिशेब वेगळा असतो.

परवापरवापर्यंतचा नियम असा होता की एका वर्षी फार तर २५ जणांना नव्याने स्कॉलरशिप, आणि एका वेळी संघात एकूण ८५. पंचवीस चोक शंभर. जागा पंच्याऐंशी. शिवाय बरीच पोरं पहिलं वर्ष न खेळता राखून ठेवतात, रेडशर्ट म्हणतात त्याला, म्हणजे ती पाच वर्षं राहतात. तेव्हा प्रत्येक बॅचमधून चार-पाच, कधी जास्तच, गळणार हे सही घेतानाच ठरलेलं. जो गेला तो 'फुकट गेला' असं नसतं, जागाच तेवढ्या होत्या. कोचला हे माहीत असतं. पोराच्या आईला कुणी सांगत नाही.

दुसरं, ताऱ्यांची टिंगल करणं सोपं आहे. २४७ वाले पाच तारे साधारण ३२ जणांनाच देतात, कारण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ नावं. तीन तारेवाले दर वर्षी हजारांनी. त्यामुळे एनएफएलमध्ये डोकी मोजली तर तीन तारेवाले जास्तच दिसणार. पण पाच तारेवाल्यांतले जवळपास निम्मे ड्राफ्ट होतात, आणि तीन तारेवाल्यांतले शंभरात मोजके. आंब्याच्या पेटीत दोन नासके निघाले म्हणून कुणी हापूस सोडून पाडाच्या कैऱ्या घेत नाही.

अलाबामाची २०१७ ची बॅच घ्या. टुआ, नजी हॅरिस, जेरी ज्युडी, हेन्री रग्ज, डेव्होन्टा स्मिथ, ॲलेक्स लेदरवुड, जेड्रिक विल्स, मॅक जोन्स. एका बॅचमधून पहिल्या फेरीत आठ. २०१८ च्या जानेवारीतल्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध ओव्हरटाइम, दुसरा डाउन (म्हणजे दुसरा प्रयत्न), २६ यार्ड काढायचे होते, आणि टुआने डेव्होन्टाला थेट ४१ यार्डांचा पास टाकून सामना संपवला. टाकणारा आणि झेलणारा दोघेही पहिल्या वर्षाचे, जेमतेम वर्षभरापूर्वी सही केलेले. तो डेव्होन्टा पुढे २०२० चा हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब) घेऊन गेला.


रानभूल

भटजी, तुमच्या टक्केवारीत जे. जे. वॉट कुठे बसतो? दोनच तारे. सेंट्रल मिशिगनला गेला, तिथे जमेना म्हणून स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन, म्हणजे पदरचे पैसे भरून. मधल्या काळात पिझ्झा पोचवत होता. २०११ ला ११ वा निवडला गेला आणि नंतर तीनदा देशातला सर्वोत्तम बचावपटू. आणि जॉश ॲलन? कॅलिफोर्नियातल्या फायरबॉचा शेतकऱ्याचा पोरगा. शाळेनंतर एकाही मोठ्या कॉलेजने घेतला नाही. रीडली नावाच्या ज्युनिअर कॉलेजात खेळला, कोचेसना ईमेल पाठवत राहिला, शेवटी वायोमिंगने हो म्हटलं. आज बफलोत त्याच्या नावाने लोक शपथा घेतात.

मला हीच मंडळी आवडतात. सॉरी नॉट सॉरी.


डेटाभट

आवडू द्या की. मलाही आवडतात. पण पिझ्झा पोचवणारे आणि पिझ्झाच पोचवत राहिलेले किती, त्यांची यादी कुणी छापत नाही.


खिडकीतला_बोका

अटलांटाहून हजेरी. या विषयात जॉर्जियाची २०१८ ची बॅच आल्याशिवाय धागा पुरा होणार नाही.

देशात पहिला नंबर. मुकुटमणी जस्टिन फील्ड्स, इथलाच, केनेसॉचा, त्या वर्षीच्या दोन सर्वोत्तम क्वार्टरबॅकांपैकी एक. आमच्या ऑफिसातला एक जण सहीच्या दिवशी लाल टाय घालून आला होता आणि पुढची तीन वर्षं कोण कोण हरणार त्याची यादी वाचून दाखवत होता. फील्ड्स वर्षभर जेक फ्रॉमच्या मागे बसला आणि निघून गेला. कुठे, तर कोलंबसकरांच्या दारात. तिथे दोन हंगाम गाजवून पहिल्या फेरीत ११ वा.

आणि जॉर्जियाला ४१ वर्षांनी कप कुणी आणून दिला? स्टेटसन बेनेटने. २०१७ चा वॉक-ऑन, ब्लॅकशिअर नावाच्या खेड्यातला. पहिल्या वर्षी त्याचं काम काय, तर रोझ बोल सामन्याच्या आधी सरावात समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकची, बेकर मेफिल्डची, नक्कल करायची, म्हणजे खऱ्या खेळाडूंना सवय होईल. फील्ड्स येतोय म्हटल्यावर हा मिसिसिपीतल्या ज्युनिअर कॉलेजात गेला. वर्षाने परत आला, पुन्हा रांगेत शेवटी. जानेवारी २०२२ ला अलाबामाला ३३-१८ आणि पुढच्या जानेवारीत टीसीयूला ६५-७.

पण भटजींची बाजूही घेतो. बेनेटच्या पुढ्यात जी भिंत उभी होती ती ताऱ्यांचीच होती. त्याच २०१८ च्या बॅचमधला क्वे वॉकर पहिल्या फेरीत गेला. जॉर्डन डेव्हिसही गेला. तो मात्र तीन ताऱ्यांचा, आणि आकाराने दोन माणसांचा. मग २०१८ ची बॅच पास की नापास? ज्याच्यासाठी पहिला नंबर मिळाला तो गेला, आणि ज्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं त्यांच्या खांद्यावर कप आला. माझ्या मते सही झालेल्यांतले तिसऱ्या-चौथ्या वर्षी किती उरले, एवढंच मोजावं.


उगाचच

तो लाल टायवाला काय म्हणतो आता?


खिडकीतला_बोका

म्हणतो, 'मी म्हटलं नव्हतं का?'


ह्यूस्टनची_सुमा

बोक्या, 'किती उरले' म्हणालास ना, मग आमच्याकडे ये. टेक्सास ए अँड एम, २०२२. माझा नवरा तिथला माजी विद्यार्थी, त्यामुळे हे दुःख आमच्या घरात राहतं.

ती बॅच नुसती पहिली नव्हती, २४७ च्या गणतीत तोवरच्या सगळ्या बॅचेसमध्ये वरची. अलाबामाचे तेव्हाचे कोच निक सेबन जाहीरपणे म्हणाले की यांनी पोरं पैशाने विकत घेतली. आमचे कोच जिंबो फिशर दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. दोघंही पूर्वी एकत्र काम केलेले! नळावरचं भांडण बरं. आमच्या घरी त्या दिवशी जेवण उशिरा झालं.

मग हंगाम सुरू झाला. दुसऱ्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, नव्वद हजारांवर गर्दीपुढे ॲपलॅचियन स्टेटने हरवलं. हंगाम ५-७. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात फिशरना काढलं, आणि करार असा केलेला की काढण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागणार. पोरं तर आधीपासूनच पांगत होती. वॉल्टर नोलन ओल मिसला, इव्हन स्टुअर्ट ओरेगनला, एलटी ओव्हरटन अलाबामाला (हो, त्याच अलाबामाला), अँथनी लुकस यूएससीला.

आता गंमत बघा. एप्रिल २०२५ चा ड्राफ्ट आम्ही टीव्हीवर बघत होतो. १६ वा, ॲरिझोना : वॉल्टर नोलन. १७ वा, सिनसिनाटी : शेमार स्टुअर्ट. एकाच बॅचचे, लागोपाठ. शेमार शेवटपर्यंत आमच्याकडे राहिलेला. नवरा उठून स्वयंपाकघरात गेला आणि उगाच भांडी लावत बसला. म्हणजे तारे देणारे चुकले नव्हते गं बाई, पोरं होतीच तशी. चुकलं ते दुसरंच काहीतरी.

आणखी एक लिहिते, जरा घरगुती आहे. माझ्या मुलाचा एक मित्र आक्रमणफळीत खेळतो. सोन्यासारखा पोरगा, आमच्याकडे आला की थालीपिठं लोण्यासकट आठ-दहा. वजन २८० पौंड झालंच पाहिजे म्हणून त्याची आई रोज सकाळी त्याला काट्यावर उभं करायची आणि फ्रिजवरच्या कागदावर आकडा लिहायची. २७४, २७६, परत २७५. अकरावीत एका मोठ्या कॉलेजच्या कोचने फोनवर 'ऑफर' दिली. पोराने फोटोबिटो करून जाहीर केलं, शाळेत टाळ्या. तोंडी ऑफरला काही अर्थ नसतो हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. बारावीच्या डिसेंबरात कोचने फोन उचलणं बंद केलं. त्यांना त्या जागेवर दुसरा कुणीतरी मिळाला होता, आधीच कॉलेजात दोन वर्षं खेळलेला. पोरगा आता एका छोट्या कॉलेजात आहे, जिथे खेळासाठी स्कॉलरशिपच नसते. अजून खेळतो. तुमच्या कुठल्याच यादीत तो नसणार, म्हणून इथे लिहिलं.


रानभूल

सुमाताई, शेवटचा परिच्छेद वाचून गप्प झालो.


डेटाभट

सुमाताईंनी नेमकं बोट ठेवलंय. 'आधीच कॉलेजात दोन वर्षं खेळलेला.' ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असेल तर नाव नोंदवायची यादी) २०१८ मध्ये सुरू झालं, पण २०२१ मध्ये एकदा बदली केली तर वर्षभर बाहेर बसायचा नियम गेला, आणि त्याच उन्हाळ्यात पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. २०२५ पासून तर कॉलेजं थेट वाटा देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत, सगळे खेळ धरून. ८५ ची मर्यादा गेली, आता संघातच १०५ जण. सहीचं ते जुनं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, तेही २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झालं. अठरा वर्षांच्या मुलावर जुगार खेळण्यापेक्षा एकवीस वर्षांचा तयार घ्यावा, असंच कुठलाही कोच म्हणणार. इंडियानाचे कोच कर्ट सिग्नेटी यांनी २०२४ मध्ये जुन्या कॉलेजातली पोरं सोबत आणली आणि पहिल्याच वर्षी संघ प्लेऑफमध्ये नेला.

त्यामुळे कोलंबसकर, तुमची यादी जपून ठेवा. बारा वर्षांनी २०२५ ची यादी घेऊन कुणी गराजमध्ये बसला तर निम्म्या नावांपुढे दुसऱ्याच कॉलेजची नावं येतील. बॅच ही चीजच जवळपास उरलेली नाही.


खिडकीतला_बोका

पण भटजी, मॅक जोन्सचं सांगायचं राहिलं तुमचं. तुमच्या त्या आठांत तो सगळ्यांत कमी भावाचा. आधी केंटकीला शब्द दिला होता. अलाबामात क्वार्टरबॅकच्या रांगेत त्याच्यापुढे जेलन हर्ट्स आणि टुआ. आजच्या दिवसात दोन महिन्यांत पोर्टलमध्ये गेला असता. तो बसून राहिला, २०१९ च्या नोव्हेंबरात टुआचं खुब्याचं हाड गेलं, आणि २०२० चा न हरलेला संघ मॅकचा. मी म्हणतो ते 'उरले किती' हेच.


डेटाभट

तो बसला म्हणून आपण बोलतोय. जे बसूनच राहिले... जाऊ दे, पुन्हा पिझ्झा नको.


उगाचच

एक भाबडा प्रश्न. पोरांच्या शिक्षणाचं काय? कॉलेज आहे ना हे?


ह्यूस्टनची_सुमा

अहो @उगाचच, कोलंबसकरांच्या कार्डेल जोन्सनेच २०१२ मध्ये ट्वीट केलं होतं की आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलोय, 'शाळा' खेळायला नाही, मग वर्ग कशाला. सगळ्या देशाने हसून घेतलं. पुढे त्याने ती पदवी पूर्ण केली, टोपी घालून फोटोही टाकला. माझा मुलगा अभ्यासावरून कुरकुर करायला लागला की मी त्याला तो दाखवते. काडीचा उपयोग होत नाही.


कोलंबसकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री पान परत काढलं. भटजींचा हिशेब लावून बघितला, बोक्याचाही. बोक्याच्या मापाने ही बॅच पहिल्या वर्गात पास, कारण कप आला तेव्हा हीच पोरं दुसऱ्या वर्षाला होती आणि बरीचशी पुढेही राहिली.

रूममेटला फोटो पाठवला. तो आता टोलीडोला असतो, दोन मुली आहेत. पहिला मेसेज : 'एलियटपुढे मी रेघ ओढलीच नव्हती हे कुणाला सांगू नकोस.' मी म्हटलं, एका मराठी धाग्यावर सांगून झालं. दुसरा मेसेज बॅरेटबद्दल. मी विचारलं होतं टिक की फुली. तो म्हणाला, मिशिगनविरुद्ध किती वेळा हरला ते आधी मोज.

मोजलं. एकदाही नाही. २०१४ ला घोटा मोडला त्या सामन्यातसुद्धा मैदान सोडताना आम्ही पुढे होतो.

टिक केली. पेन्सिलीनेच.